फॅबमध्ये जायचंय? मग केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स की मटेरियल्स

चिपमध्ये करिअर करायला इंजिनिअरिंगची कुठली ब्रँच घ्यावी म्हटलं की लोक डोळे झाकून इलेक्ट्रॉनिक्स सांगतात. सर्किट डिझाइन करायचं असेल तर बरोबरच आहे, तिकडे केमिकलवाल्याने जाऊच नये. पण चिप जिथं प्रत्यक्ष बनते त्या फॅबमध्ये दिवसरात्र चालतं काय, तर गॅस सोडा, फिल्म चढवा, प्लाझ्माने (विद्युतभारित गॅसने) कोरा, अॅसिडने धुवा, स्लरीने (बारीक कणांच्या घोळाने) घासून सपाट करा आणि परत पहिल्यापासून, अशा शेकडो स्टेप्स.

एकच उदाहरण घ्या. सिलिकॉन वेफर (चिप जिच्यावर बनते ती पातळ चकती) ऑक्सिजनमध्ये तापवला की वर ऑक्साइडचा थर येतो. सुरुवातीला जाडी वेळेच्या प्रमाणात वाढते कारण वेग रिअॅक्शन ठरवते, पण थर जाड झाला की ऑक्सिजनला त्यातूनच वाट काढत खाली सिलिकॉनपर्यंत पोचावं लागतं, मग हे झिरपणं, म्हणजे डिफ्युजन, वेग ठरवतं आणि जाडी वेळेच्या वर्गमुळाने वाढते. केमिकलच्या पोराला हे नवीन नाहीच! १९६५ च्या ज्या डील-ग्रोव्ह मॉडेलमध्ये हे मांडलंय त्यातले अँडी ग्रोव्ह बर्कलीचे केमिकलचे पीएचडी, पुढे इंटेलचे सीईओ झाले.

इलेक्ट्रॉनिक्सवाला पुढे असतो तो टेस्टिंगला, लीकेज (बंद ट्रान्झिस्टरमधूनही गळणारा करंट) का वाढलं, थ्रेशोल्ड व्होल्टेज (ज्याला ट्रान्झिस्टर चालू होतो ते) का सरकलं हे त्याला पटकन कळतं. मटेरियल्सवाला क्रिस्टलमधले दोष, फिल्ममधला स्ट्रेस, मायक्रोस्कोपचं काम यात तरबेज, फेल्युअर अॅनालिसिस आवडत असेल तर सरळ तेच घ्या.

केमिकलची अडचण वेगळीच आहे. सिलॅबसचा मोठा भाग डिस्टिलेशन कॉलम आणि हीट एक्स्चेंजरमध्ये जातो, सेमिकंडक्टर फिजिक्स, व्हॅक्यूम, प्लाझ्मा जवळपास नसतंच, म्हणजे ते इलेक्टिव्हमधून स्वतः भरून काढायचं. आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नका, प्रोसेस इंजिनिअरचा अर्धा दिवस कंट्रोल चार्ट (मोजमापं मर्यादेत आहेत का ते दाखवणारा आलेख) बघण्यात जातो. उलट सेफ्टीचं शिक्षण इथं फुकट जात नाही, सिलेन गॅस हवेत आला की ठिणगीशिवाय पेटू शकतो आणि एचएफ, म्हणजे हायड्रोफ्लोरिक अॅसिड, तर कातडीतून आत जातं.

माझं मत विचाराल तर प्रोसेससाठी केमिकलच, शिवाय मन बदललं तर बॅटरी, फार्मा उघडं राहतं. इलेक्ट्रॉनिक्समधून सॉफ्टवेअरकडे वळता येतं हेही खरं. रिसर्चमध्ये जायचं असेल तर मास्टर्स किंवा पीएचडी धरूनच चला, प्रॉडक्शनला बॅचलर्स चालते पण शिफ्टची तयारी ठेवा. अॅडमिशनआधी एवढं नक्की विचारा, कॉलेजात क्लीनरूम (चिपच्या कामाची धूळमुक्त लॅब) आहे का आणि केमिकलच्या पोरांना तिथल्या मशीनला हात लावू देतात का.