बरहुकूम जुना की नुसता दिसायला जुना? दोन रेलिक बेस वाजवल्यानंतर

रेलिक बेस, म्हणजे मुद्दाम झिजवून जुना दिसेल असा बनवलेला बेस गिटार, घ्यायचा हे ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नव्या वाद्यावर मुद्दाम ओरखडे कशाला, हा वाद इथे नको. माझ्यापुरतं सांगायचं तर मागून घासून मऊ केलेली नेक (तारांखालची लांब दांडी) एकदा हाताला लागली की चकचकीत लॅकरवर अंगठा अडखळतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. छोट्या कारखान्यांत होणाऱ्या या बेसची मला तरी सरळ दोन घराणी दिसतात. एक बरहुकूम नक्कल करणारं: 1957 किंवा 1963 सालचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस जसा होता तसाच, स्क्रूच्या जागेसकट. दुसरं रूप जुनं ठेवतं, पण आतली व्यवस्था आजची बसवतं. पहिल्या घराण्याचा बेस मी सहा वर्षं वाजवला, दुसऱ्याचा गेली चार वर्षं वाजवतोय. माझे दोन्ही कोणत्या कारखान्यातले ते सांगत नाही. जे खटकलं ते कारखान्याचं नाहीच, सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं आहे.

या धंद्याला रीतसर सुरुवात फेंडरच्या कस्टम शॉपनेच करून दिली. शॉप 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोरोना शहरात निघालं आणि 1995 मध्ये त्यांनी रेलिक मालिका आणली. सुरुवातीची काही वर्षं बॉडी आणि नेक जुन्या दिसतील असं करण्याचं काम विन्स कुनेटो मिसुरीत बसून करत. नंतर छोटे कारागीर उतरले. वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पियाला बिल नॅश आहेत, जर्मनीत ब्राउनश्वाइगला सँडबर्ग आहे. सँडबर्गचे झिजवलेले बेस पाहिलेत तर दुसरं घराणं म्हणजे काय ते लगेच कळेल: रंग उडालेला, धातू काळवंडलेला आणि तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपुढे झीरो फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांत (फ्रेट्समध्ये) एक जादा पट्टी.

दिसण्यात पहिलं घराणं पुढे आहे, यात मला शंका नाही. चांगली झीज कुठे असते? उजव्या हाताचं कोपरापुढचं हाड टेकतं त्या वरच्या कडेला, पाठीमागे पट्ट्याचं बक्कल लागतं तिथे, आणि पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या भागावर) अंगठा टेकतो तिथे. बाकी ठिकाणी रंगाला नुसत्या बारीक भेगा, त्याही लाकडाच्या रेषेला आडव्या. सँडर फिरवून पाडलेला गोल डाग दहा फुटांवरून ओळखू येतो. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटचे (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे) फोटो बघा. घामाने रंग कसा उतरतो हे त्यावरून कळतं. बरहुकूम काम करणारे कारागीर असले फोटो समोर ठेवूनच बसत असावेत, इतकी त्यांची झीज जागच्या जागी असते.

आवाजाबद्दल ठामपणे बोलायला मी कचरतो. दोन्हींवर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा होत्या, दोन्हींचे पिकअप जुन्या पद्धतीचे. पहिल्याचा खर्ज किंचित जास्त फुगीर वाटायचा, दुसऱ्याचा नोट जास्त स्वच्छ सुटतो. स्टेजवर ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड सुरू झाले की हा फरक फक्त मला कळतो.

नायट्रो, म्हणजे जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर, दोघांवर आहे. केस उघडली की तो गोडसर वास येतो, आणि तो मला अजून आवडतो. फक्त रबर लावलेल्या साध्या स्टँडवर बेस ठेवू नका. रबर आणि नायट्रो एकमेकांना लागले की रंग मऊ पडतो, चिकटतो, आणि त्याचा डाग कायमचा राहतो. सुती कापड गुंडाळलं की काम भागतं.

आता ज्या गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती सांगतो. प्रिसिजन 1951 मध्ये आला तेव्हा ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळईचा) नट नेकच्या मुळाशी, बॉडीच्या खाचेत होता. नेक वाकली तर ती बॉडीपासून सुटी केल्याशिवाय नटला हात लागत नाही. बरहुकूम घराणं हेही तसंच ठेवतं, आणि बरहुकूम म्हटल्यावर ते ठेवणारच. कोरड्या हवेच्या गावात याने फारसं बिघडत नाही. मी मुंबईत राहतो आणि ऑर्केस्ट्रात वाजवतो. मेमधली हवा, जुलैमधली हवा आणि एसी सभागृहातली हवा, तिन्हींत नेक वेगवेगळी बसते. नेकचं मेपल आणि वरची रोझवूडची फळी (फ्रेटबोर्ड) ओल सारखी पीत नाहीत. (ही रोझवूड बहुतेक वेळा भारतीय असते, म्हणजे आपला शिसव, तो दूर जाऊन फ्रेटबोर्ड होऊन परत येतो याचं मला अप्रूप वाटतं.) वरची फळी फुगली की नेक मागे जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर तारा खडखडतात.

एका गणपतीत, सलग तिसऱ्या रात्रीच्या कार्यक्रमाआधी, असंच झालं. दिवसभर पाऊस, मांडवात पाणी, आणि साउंड चेकला ई तारेवरचा एफ धड वाजेना. स्टेजमागे टेबलावर टॉवेल अंथरला. तारा नेकवरून सुटू नयेत म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, तारा सैल केल्या, बेस पालथा घातला, चार स्क्रू काढले. नेक उचलली तशी खाचेतली शिम, म्हणजे पुठ्ठ्याचा नखाएवढा तुकडा, खाली चिखलात पडली. नट पाव फेरा सोडला. सगळं परत बसवलं, तारा सुरात आणल्या. अजून खडखड होतीच, कारण नट पुरेसा सुटलाय की नाही हे तारा ताणल्याशिवाय कळत नाही. पुन्हा सोडा, पुन्हा उचला. तीन वेळा. तिसऱ्या खेपेला खाचेच्या कडेचा रंगाचा टवका उडाला. गायिका दोनदा येऊन विचारून गेली, "दादा, झालं का?" त्या रात्री पहिली चार गाणी मी जमेल तिथे वरच्या फ्रेट्सवर हलवून काढली.

हे वर्षातून किमान दोनदा करावं लागायचं. दर वेळी लाकडातली भोकं थोडी रुंद होतात आणि स्क्रू ढिले पडतात. नेक परत बसवताना केसभर सरकली तरी सर्वांत बारीक तार (G) बोर्डच्या कडेवरून घसरते. शेवटी एका कारागिराकडून भोकांत पितळी आटे बसवून घेतले. स्क्रूचा प्रश्न सुटला, पण नेक काढायची ती काढावी लागतच होती.

माझा एक मित्र म्हणतो, जुने लोक कुठे दर ऋतूला सेटअप करत होते? अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसनच्या 1962 च्या प्रिसिजनवर तारा किती उंच होत्या, तरी त्याने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत काय वाजवलं! मुद्दा खरा आहे. पण माझे अडीच-तीन तासांचे कार्यक्रम असतात, मधल्या मेडलीत तारा खाली हव्यात, आणि बोटं माझी आहेत.

दुसऱ्या घराण्याच्या बेसवर हा नट हेडच्या (तारांच्या खुंट्या असतात त्या) टोकाला आहे. तारा तशाच ताणलेल्या ठेवून हेक्स की (षटकोनी चावी) घालायची, पाव फेरा द्यायचा, लगेच वाजवून बघायचं. दोन मिनिटं. काही कारागीर नेकच्या बॉडीकडच्या टोकाला छोटं चाक बसवतात. तेही तितकंच सोयीचं, आणि हेड जुन्यासारखं दिसत राहतं. तोटा एवढाच की जाणकाराच्या नजरेला ते चाक किंवा हेडवरचं भोक टोचतं. मलाही पहिले काही महिने टोचत होतं. पुढे पावसाळा आला आणि मी त्याकडे बघायचं विसरलो. शिवाय माझ्या या बेसचा फ्रेटबोर्ड थोडा सपाट आहे. जुन्या सव्वासात इंची गोलाईची सवय असेल तर हाताला आठवडाभर वेगळं लागेल, इतकंच.

विकायची वेळ आली तर बरहुकूम बेसला गिऱ्हाईक लवकर मिळतं, असा माझा अनुभव आहे. माझा पहिला बेस पुण्यातल्या मित्राने दोन दिवसांत उचलला. तो घरीच रेकॉर्डिंग करतो, खोली बंद, हवा सारखी. दोन वर्षांत त्याला नेक एकदाच उघडावी लागली. त्याच्याकडे गेलो की मी तो हटकून वाजवतो, आणि हाताला तो अजूनही फार गोड लागतो. तुमचं वाजवणं असं एका जागचं असेल तर पहिलं घराणं घ्यायला मी अडवणार नाही.

पण मुंबई, कोकण, गोवा इथे राहत असाल आणि बेस घेऊन गावोगाव फिरत असाल, तर पैसे भरण्याआधी कारागिराला एक प्रश्न लिहून विचारा: ट्रस रॉडचा नट कुठून फिरतो? मुळाशी असेल तर हेडकडे किंवा चाकाचा करून देता का, हेही विचारा. ऑर्डरवर बनवणारे बरेचजण करून देतात, आणि त्याने झिजवलेल्या रूपाला काही होत नाही. माझी हेक्स की केसच्या खिशात असते. जूनमध्ये एकदा लागते, ऑक्टोबरमध्ये एकदा.