जंजिरा एकदिवसीय सहल : दरवाज्यापर्यंत गेलो आणि परत आलो

पुण्यातल्या एका सहल आयोजकांबरोबर मे महिन्यातल्या एका रविवारी बाबांना घेऊन मुरुड-जंजिऱ्याला गेले होते. माणशी १,८५० रुपये, आम्हा दोघांचे ३,७००. जाहिरातीत लिहिलं होतं: शिडाच्या पारंपरिक होडीतून सफर, किल्ल्यात दोन तास, सोबत इतिहासाचे जाणकार, होडीतून जवळच्या पद्मदुर्ग या जलदुर्गाचं दर्शन, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, कोकणी जेवण. यातलं जेवण मिळालं.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची ३४ वर्षं नोकरी झाली. जंजिऱ्यावरच्या कलालबांगडी तोफेबद्दल ते मला लहानपणापासून सांगत आलेत, पण त्यांनी ती कधी पाहिलेली नाही. आधी नोकरी, मग आईचं आजारपण, मग त्यांचे गुडघे. यंदा गुडघे बरे होते म्हणून मी हौसेने पैसे भरले. हे आधी सांगते, कारण पुढची माझी तक्रार किती मनापासून आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

पाच वाजता कर्वे पुतळ्यापाशी या म्हणाले. आम्ही पावणेपाचला हजर. बस आली सहा वाजून पाच मिनिटांनी, कारण हडपसरची मंडळी उशिरा आली. पौडला नाश्त्यासाठी अर्धा तास थांबू म्हणाले आणि सव्वा तास थांबले. पुढे मुळशी धरणाच्या कडेला फोटोसाठी वीस मिनिटं, ताम्हिणीत चहासाठी पुन्हा तेवढीच. मी दोनदा पुढे जाऊन म्हटलं, "दादा, किल्ला बघायचाय, वेळेत पोहोचायला हवं." दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "काकू, होड्या दिवसभर चालू असतात."

किल्ल्याच्या होड्या सुटतात त्या राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

समुद्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मे संपत आला की नैऋत्येचा वारा जोर धरतो, दुपारी तर फारच, आणि पावसाळ्यात किल्ल्याची वाहतूक बंदच असते. हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून तो अमावास्येनंतरचा दिवस होता, म्हणजे उधाणाची भरती. माझी आजी अलिबागकडची. तिचा हिशेब साधा होता: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. प्रतिपदा म्हणजे बारा वाजून गेल्यावर पाऊण तास. आम्ही बरोब्बर त्याच वेळी होडीत पाय ठेवला. धक्क्यावरच्या तांडेल चाचांनी, म्हणजे आमची होडी चालवणाऱ्यांनी, सांगितलं, "सकाळी आठ-नऊच्या फेऱ्या मस्त लागल्या, माणसं उतरून आली पण. आता वारा वाढलाय." हे ऐकलं आणि मला पौडचा तो सव्वा तास आठवला.

तिथेच आयोजकांनी सगळ्यांना समोर बसवून परिस्थिती सांगायला हवी होती. तसं झालं नाही. त्यांचं आणि तांडेलांचं बाजूला बराच वेळ बोलणं चाललं, आणि मग आम्हाला सांगण्यात आलं, "चला, चला, बसून घ्या." उतरता येण्याची खात्री नाही, हे आम्हाला कळलं होडी धक्क्यापासून सुटल्यावर, तेही तांडेलांकडून.

जॅकेटं आयोजक स्वतः आणणार होते. माणसं ३४ होती आणि बसच्या डिकीतून जॅकेटं निघाली २२. उरलेल्यांना होडीवाल्यांनी आपल्याकडची दिली, म्हणून कोणी तसंच बसलं नाही. पण लहान मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. आमच्यासमोर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. मोठ्या माणसाचं जॅकेट तिच्या कानांपर्यंत आलं होतं आणि खालून तिचे हात निसटत होते. तिच्या आईने ओढणीने ते जॅकेट तिच्या अंगाला बांधलं. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. इथे कसलीही सबब चालू नये.

वारा समोरून होता, त्यामुळे जाताना शीड गुंडाळूनच ठेवलं आणि मशीन लावलं. ते बरोबरच होतं. खाडीच्या तोंडाशी आल्यावर लाटा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फुटायला लागल्या. होडी वर चढायची, क्षणभर थांबायची आणि धाडकन खाली बसायची. पाणी अंगावर, डिझेलचा धूर नाकात. पंधरा मिनिटांत निम्म्या लोकांना बोट लागली. बाबांनाही लागली. त्यांनी माझा हात धरला होता आणि ते किल्ल्याकडेच बघत होते. बोट लागू नये म्हणूनची अव्होमिनची गोळी होडीत बसण्याआधी एक-दोन तास घ्यायची असते, एवढी एक सूचना सकाळी बसमध्ये दिली असती तरी कितीतरी लोकांचे हाल वाचले असते.

जंजिऱ्याचा दरवाजा लांबून दिसत नाही. सगळीकडे नुसता तट आणि बुरूज, एकूण १९. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या मधे तो अचानक उघडतो. आम्ही त्याच्यासमोर गेलो. तो राजपुरीच्या बाजूला, पूर्वेला आहे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला, पण लाट किल्ल्याला वळसा घालून तिथेही येत होती. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी तीन-चार एका क्षणी उघड्या पडायच्या आणि पुढच्या क्षणी बुडून जायच्या. एरवीही तिथे होडीतून थेट पायरीवर पाय टाकावा लागतो, खलाशी दोर धरून उभे असतात. तांडेलांनी दोनदा होडी जवळ नेली, दोनदा मागे घेतली आणि म्हणाले, "नाय उतरवणार. लाट वर घेते नि पायरीवर आपटते. माझ्या होडीतलं माणूस मी असं नाय सोडत." आयोजकांचा माणूस तरीही म्हणत होता, तरुण मंडळींना तरी उतरवा. तांडेलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, होडी वळवली. तांडेलांचे आम्ही सगळ्यांनी आभार मानायला हवेत, मी धक्क्यावर उतरल्यावर मानले.

त्या पायऱ्यांसमोर मला लाय पाटलांची आठवण झाली. १६७६ मध्ये सिद्दीकडून हा किल्ला घेण्यासाठी निघालेल्या, शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळ्यांच्या मोहिमेत या कोळ्याने आपल्या माणसांसह रात्रीच्या अंधारात याच तटाला शिड्या लावल्या होत्या. वर चढणारी फौज वेळेत आली नाही आणि पहाटेच्या आत त्यांना शिड्या काढून परतावं लागलं. ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती. पण हलत्या पाण्यातून दगडी भिंतीला शिडी टेकवणं म्हणजे काय, हे तिथे होडीत बसून पहिल्यांदा कळलं. आयोजकांच्या जाणकारांनी हे सांगायला हवं होतं. ते माणगावपर्यंत झोपले होते, नंतर मोबाइलवरून दहा मिनिटं वाचून दाखवलं, त्यात लाय पाटलांचं नावही नव्हतं. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किल्ल्यापर्यंत पोहोचायला राजपुरीकडून खाडीत भराव घालायला घेतला होता, तो आम्ही उभे होतो त्याच किनाऱ्यावरून. तेही नाही.

परतताना वारा पाठीशी आला आणि तांडेलांनी शीड उभारलं. मशीन बंद झालं. कापड फटकन भरलं आणि होडी लाटेबरोबर धावायला लागली. सात-आठ मिनिटंच, पण ती खरोखर सुंदर होती. बाबांचा चेहराही जरा सैलावला. पद्मदुर्ग त्या समुद्रात शक्यच नव्हता.

जेवण मुरुडच्या एका घरगुती खानावळीत होतं: तांदळाची भाकरी, सुरमई, वालाचं बिरडं, सोलकढी. सगळं ताजं, मायेने वाढलेलं. बाबा काही खाईनात म्हणून तिथल्या ताईंनी न सांगता आलं-लिंबू-मीठ घातलेलं पाणी आणून दिलं आणि मागच्या खोलीत त्यांना आडवं व्हायला गादी घातली.

पैशांचं बोलणं परतीच्या प्रवासात निघालं. मी पूर्ण रक्कम मागितली नाही. किल्ल्यात उतरलो नाही आणि पद्मदुर्ग दाखवला नाही, तेवढ्यापुरते परत द्या, एवढंच म्हटलं. उत्तर आलं, "हवामान नैसर्गिक कारण आहे, आणि किल्ला तुम्ही बाहेरून पाहिलात." पुढच्या सहलीवर २०० रुपये सवलत देतो म्हणाले. मी ती घेतली नाही. वारा नैसर्गिक होता, पण आमचे सकाळचे अडीच तास वाऱ्याने घालवले नव्हते. पाचला निघालो असतो आणि मधे एकदाच थांबलो असतो, तर दहाच्या आत राजपुरीला असतो. तेव्हाही समुद्राने नाही म्हटलं असतं तर मी एक शब्द लिहिला नसता.

तुम्ही कोणाहीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: राजपुरीला किती वाजता पोहोचणार, मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, आणि किल्ल्यात उतरता आलं नाही तर किती रक्कम परत. मे महिन्यात ज्येष्ठांना नेऊ नका, थंडीत न्या.

घरी आल्यावर दोन दिवस बाबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेऊन बसलेले दिसले. आजीचा हिशेब लावत होते: अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, आणि उधाण नाही. डिसेंबरमधल्या अष्टमीभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला आहे. या वेळी राजपुरीला आदल्या रात्री मुक्कामाला जायचं, असं त्यांचं म्हणणं आहे. मी खानावळीच्या ताईंना फोन करून खोली सांगून ठेवली.