नौपाड्यातलं एसीचं छोटं दुकान: स्टिकर वाचायला शिकवतात

मोठ्या शोरूममध्ये ‘फाइव्ह स्टार आहे मॅडम, डोळे झाकून घ्या’ एवढंच ऐकून आले होते. इथल्या काकांनी आधी विचारलं, खोली केवढी, खिडकी कुठल्या दिशेला? पश्चिमेला म्हटल्यावर म्हणाले, “आधी जाड पडदे लावा, मग टनाचं बोलू.” (असा धंदा करतं का कोणी!) मग स्टिकरवर बोट ठेवून दाखवलं. तारे मोजण्याआधी लेबलची मुदत बघायची. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले आणि तोवरचा फाइव्ह स्टार एसी फोर स्टारवर आला. वर्षाची जी युनिटं छापतात ती 1600 तासांच्या हिशेबाने. आमची लेक उन्हाळाभर रात्रभर एसी लावते, तिचं गणित वेगळंच. दीड टन त्यांनीच नको म्हटलं, एक टनाचा घेतला. जोडीला बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे: जुने 75 वॉटचे, हे तिसेक वॉटचे.

घासाघीस अजिबात चालत नाही. फिटिंगवाला संध्याकाळी येतो सांगून रात्री नऊला उगवला, जास्तीच्या तांब्याच्या पाइपचे पैसे वेगळे. दुपारी दुकान बंद असतं, आणि गाडी नेऊच नका.