क्रिप्टो वॉलेट कुठलं घ्यावं? काही महिने वापरून झाल्यावर नवीन लोकांसाठी लिहितेय

वॉलेट म्हणजे बिटकॉइनसारखे कॉइन ज्यातून सांभाळता आणि पाठवता येतात ते ॲप किंवा डिव्हाइस. ते निवडताना सगळे आधी ॲपचं रेटिंग बघतात, किती कॉइन चालतात ते बघतात, दिसायला कसं आहे ते बघतात. आता इतके महिने एक्स्चेंज (जिथे रुपये देऊन कॉइन घेतात-विकतात), मोबाइल वॉलेट आणि हार्डवेअर वॉलेट (त्यासाठीचं वेगळं छोटं डिव्हाइस) असं तिन्ही वापरून झाल्यावर माझं मत एकदम पक्कं झालंय, की नवीन माणसाने फक्त एकच गोष्ट बघावी. फोन हरवला, पाण्यात पडला, डिव्हाइस बिघडलं तर घरातल्या कागदावर किंवा स्टीलच्या पट्टीवर उतरवलेल्या शब्दांवरून (हे शब्द काय ते पुढे सांगते) तुमचे कॉइन दुसऱ्या फोनवर परत येतात का, आणि हे तुम्ही मोठे पैसे टाकायच्या आधी स्वतः करून बघितलंय का. हे ज्या वॉलेटमध्ये तुम्हाला सहज जमलं ते तुमचं वॉलेट, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

मी फोंड्याला राहते, वेर्ण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघते, टेक्निकल शिक्षण काही नाही. त्यामुळे हे माझ्यासारख्यांसाठीच लिहितेय, ज्यांना थोडं बिटकॉइन, फार तर थोडं इथेरियम घेऊन ठेवायचंय, रोजचं ट्रेडिंग करायचं नाहीये.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच, म्हणजे भारतीय एक्स्चेंजवर केवायसी करून. पॅन, आधार, सेल्फी, झालं, दहा मिनिटांत खातं चालू. एक्स्चेंज वाईटच असं मी म्हणणार नाही, रुपये देऊन कॉइन घ्यायला तेच लागतं, आणि मार्च २०२३ पासून ह्या एक्स्चेंजेसना एफआययूकडे (सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे) नोंदणी करावी लागते, तेवढं मात्र घेण्याआधी तपासा. पण तिथे खात्यात जो आकडा दिसतो त्याची चावी, म्हणजे ते कॉइन हलवायचा गुप्त कोड, तुमच्याकडे नसते, त्यांच्याकडे असते. २०१४ ला टोकियोचं माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं, नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्स बुडालं, आणि आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्समधून साधारण २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, त्यानंतर लोकांना आपले कॉइन बाहेर काढता येईनात ते वर्षाहून जास्त काळ. ज्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं असे साधे लोक अडकले. हे वाचल्यावर मला वाटलं की चावी आपल्याकडे असलेली बरी, मग थोडं शिकावं लागलं तरी चालेल.

एक आधीच बघून घ्या, की तुमच्या एक्स्चेंजवरून कॉइन बाहेर पाठवता येतं का. सगळीकडे येत नाही, काही ठिकाणी नुसतं घ्यायचं आणि तिथेच विकायचं एवढंच चालतं, काही ठिकाणी वेगळी परवानगी मागतात, आणि बाहेर काढायची फी कॉइनप्रमाणे आणि नेटवर्कप्रमाणे वेगळी असते. खातं उघडायच्या आधीच त्यांच्या सपोर्टला विचारून उत्तर लेखी घ्या.

मोबाइल वॉलेटमध्ये बिटकॉइनसाठी मी ब्लूवॉलेट वापरते आणि नवीन माणसाला मी तेच सांगते. बाकीच्या शंभर टोकन्सचा, म्हणजे इतर कॉइनचा, पसारा नाही, बिटकॉइन घ्या, बिटकॉइन पाठवा, बस. इथेरियम आणि त्या जातीच्या नेटवर्कसाठी मेटामास्क, ते २०१६ पासून आहे आणि जवळजवळ सगळीकडे चालतं. पण मेटामास्कसारख्या वॉलेटमध्ये तुम्ही कुठल्याही वेबसाइटला वॉलेट जोडू शकता आणि तिथे एखादी परवानगी दिली की ती साइट तुमचं टोकन नंतर केव्हाही उचलू शकते, म्हणून सुरुवातीचे काही महिने कुठल्याच साइटला जोडू नका असं माझं स्पष्ट सांगणं आहे, एअरड्रॉप, म्हणजे नवीन कॉइनचं वाटप, फुकट मिळतंय म्हणून तर अजिबात नाही. आणि ॲप डाउनलोड करताना सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवर टॅप करू नका, त्याच नावाची, तोच लोगो लावलेली खोटी ॲप्स असतात, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून स्टोअरच्या पानावर जा.

आता १२ शब्द. वॉलेट नवीन बनवलं की ते तुम्हाला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. २०१३ च्या बीआयपी-३९ नावाच्या पद्धतीतले हे शब्द आहेत, २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे, त्यातूनच येतात. कॉइन तुमच्या फोनमध्ये नसतात, ब्लॉकचेनवर, म्हणजे खूप कॉम्प्युटरवर एकत्र ठेवलेल्या वहीत, नोंदलेले असतात, ते हलवायची चावी ह्या शब्दांतून तयार होते. म्हणजे शब्द ज्याच्याकडे त्याचे कॉइन. पासवर्ड विसरला तर ओटीपी मागवून नवीन करता येतो तसं इथे काही नाही, कस्टमर केअर नाही, ब्रँच मॅनेजर नाही. त्यामुळे सगळा जीव ह्या शब्दांवर लावा, ॲपवर नको.

स्क्रीनशॉट काढू नका, बऱ्याच फोनवर तो आपोआप क्लाउडवर जातो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका. कागदावर लिहा. पण आपल्याकडे कागदाचं काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना आणि कमरेच्या पट्ट्यांना बुरशी येते तिथे कागद किती टिकणार. लॅमिनेट केलेल्या कागदातसुद्धा कडेने ओल शिरते, शाई पसरते. बाहेरच्या देशातले लोक व्हिडिओत सांगतात कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा, ते तिथे चालत असेल, इथे कागद फक्त पहिल्या दिवसापुरता.

मी स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतलेत. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचे पंच मिळतात, सेट असतो, एकेक अक्षर ठेवून हातोडीने मारायचं. ह्या यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात म्हणून पूर्ण शब्द ठोकायची गरज नसते, चार अक्षरं आणि पुढे क्रमांक पुरतो. क्रमांक विसरू नका, क्रम चुकला तर वॉलेट उघडणार नाही. पट्टी साध्या लोखंडाची घेऊ नका, आमच्याकडच्या हवेत गंजते, समुद्राजवळ राहत असाल तर अजूनच लवकर, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस मागा. मला एकाने सुचवलं की भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून कोरून घे, छान येईल. छान येईल हे खरं, पण मग ते १२ शब्द त्यालाही कळले ना! हे काम घरीच, दार लावून, वेळ काढून करायचं. आमच्याकडे चवथीच्या आधी साफसफाईला सगळं घर खाली काढतात तेव्हा ही पट्टी भंगारात जाऊ नये म्हणून ती कुठे आहे हे घरातल्या एका माणसाला तरी माहीत हवंच.

आणि मग ती परीक्षा, जी बहुतेक लोक करत नाहीत. वॉलेटमध्ये अगदी थोडे, गेले तर जीवाला लागणार नाही एवढे पैसे टाका. वॉलेटचा पत्ता, म्हणजे कॉइन घ्यायला ॲप जी अक्षरांची लांब ओळ दाखवतं ती, लिहून घ्या. मग ॲप डिलीट करा. हो, खरंच डिलीट करा. परत इन्स्टॉल करून पट्टीवरून शब्द टाका आणि तोच पत्ता, तेवढाच बॅलन्स दिसतोय का बघा. माझा हात थांबला होता डिलीट दाबताना, पण ते परत दिसल्यावर जी खात्री वाटली ती हजार रिव्ह्यू वाचून आली नसती. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे पक्क्या झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा, साधारण दहा मिनिटांनी येतो, कधी जास्त वेळ लागतो, त्यामुळे पाठवलेले लगेच दिसले नाहीत तर घाबरून परत पाठवू नका, थांबा.

हार्डवेअर वॉलेट मी नंतर घेतलं. ह्यात दोन नावं सगळ्यात जुनी, चेक लोकांचं ट्रेझर जे २०१४ ला आलं आणि फ्रान्सचं लेजर. माझ्याकडे कुठलं आहे ते इथे लिहीत नाही, कोणाकडे काय आहे हे जाहीर सांगायची ही वस्तू नाही आणि तुम्हीही सांगू नका. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची यादी बाहेर फुटली, साधारण २ लाख ७२ हजार लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर, आणि मग लोकांना घरच्या पत्त्यावर खोटी पत्रं, खोटी डिव्हाइससुद्धा आली. डिव्हाइसमधली चावी सुरक्षित होती पण माणसाचा पत्ता नव्हता. म्हणून मागवताना वेगळा ईमेल वापरा, आणि कंपनीच्या साइटवरून किंवा त्यांनी दिलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, सेकंडहँड कधीच नाही. बॉक्समध्ये आधीच शब्द छापलेलं कार्ड आलं तर ते डिव्हाइस सरळ बाजूला ठेवा, खरं डिव्हाइस शब्द तुमच्यासमोर स्वतः बनवतं.

फायदा काय, तर चावी त्या छोट्या डिव्हाइसच्या बाहेर येत नाही, आणि पाठवताना पत्ता आणि रक्कम त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर दिसते, तिथे वाचून बटन दाबायचं. ही स्क्रीन वाचणं हेच खरं काम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजमधून साधारण दीड अब्ज डॉलर गेले तेव्हा मंजुरीची सही करणाऱ्यांना कॉम्प्युटरवर व्यवहार बरोबर दिसत होता, आत दुसराच होता. मी पत्त्याची पहिली चार, शेवटची चार अक्षरं बघून सोडत नाही, मधलीही वाचते, कारण हल्ली पहिली-शेवटची अक्षरं जुळवलेले खोटे पत्ते तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात, तुम्ही यादीतून कॉपी कराल ह्या आशेने.

त्रास पण सांगते. शब्द परत टाकताना दोन बटनांवर एकेक अक्षर निवडायचं म्हणजे वैताग येतो. आयफोनवाल्यांनी घ्यायच्या आधी नीट तपासा, सगळी मॉडेल्स त्यावर पूर्ण चालत नाहीत. ट्रेझरच्या नव्या मॉडेल्समध्ये २० शब्दांचा वेगळा प्रकार आधी समोर येतो, तो वाईट नाही पण सगळ्या वॉलेट्समध्ये चालत नाही. नवीन माणसाने १२ किंवा २४ चा जुना प्रकारच निवडावा असं मला वाटतं, म्हणजे उद्या ती कंपनी बंद पडली तरी दुसऱ्या बहुतेक वॉलेट्समध्ये तेच शब्द चालतील. आणि २५ वा शब्द म्हणून एक जादा पासफ्रेज लावता येते, ती पहिल्या वर्षी लावूच नका, विसरलात तर कोणीच काही करू शकत नाही.

तुमचे कॉइन डिव्हाइसच्या किमतीच्या पाच-सात पट तरी होत नाहीत तोवर मोबाइल वॉलेट पुरतं. डिव्हाइस आल्यावरही माझ्या फोनवर ब्लूवॉलेट आहेच, त्यात आता मोठ्या वॉलेटची फक्त बघायची प्रत आहे, बॅलन्स दिसतो, पाठवता काही येत नाही. बसमध्ये फोन कोणी मारला तरी फोनच जाईल.

माझा मावसभाऊ शिपवर असतो, त्याचा पहिला प्रश्न यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) कशात ठेवू. त्याला मी सांगितलं ते इथेही लिहिते, यूएसडीटी एकच दिसलं तरी ते ट्रॉन नावाच्या नेटवर्कवर वेगळं, इथेरियमवर वेगळं. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टीने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने. पाठवणारा आणि घेणारा एकाच नेटवर्कवर हवेत. आणि फी यूएसडीटीत कापत नाहीत, ट्रॉनवर त्याचं स्वतःचं कॉइन टीआरएक्स लागतं, इथेरियमवर इथर, ते थोडं वॉलेटमध्ये नसेल तर तुमचे पैसे दिसतात पण हलत नाहीत. ह्याच गोष्टीवर एक फसवणूक उभी आहे. टेलिग्रामवर कोणीतरी भोळा होऊन स्वतःचे १२ शब्दच टाकतो, मदत करा म्हणतो, उघडून बघितलं तर आत भरपूर यूएसडीटी, फक्त फीपुरतं टीआरएक्स नाही. लोकांना वाटतं आपण थोडं टीआरएक्स घालून सगळं उचलू, आणि घातलेलं टीआरएक्स त्याच क्षणी चोराचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) उचलतो, यूएसडीटी तर त्या शब्दांनी हलतच नाही, तशी सोय आधीच करून ठेवलेली असते. तसंच सपोर्टमधून बोलतोय म्हणून कोणी शब्द मागितले तर तो चोरच, ह्याला एकही अपवाद नाही.

कराचं थोडक्यात. १ एप्रिल २०२२ पासून फायद्यावर ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, तोटा कशातच वळता होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस. एक्स्चेंजवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, पण उद्या कोणी विचारलं तर दाखवायला ट्रान्झॅक्शन आयडी हवा. गोव्यातल्या विवाहितांनी एक लक्षात ठेवा, पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे इथे लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची असते आणि आयकर कायद्याप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्या वॉलेटमधलं अर्धं तसंही जोडीदाराचं आहे, आणि तो किंवा ती जर ते उघडूच शकत नसेल तर त्या हक्काचा उपयोग काय?

म्हणून मी नवऱ्याला नुसतं सांगितलं नाही, त्याच्या हातात जुना फोन आणि पट्टी दिली आणि मी दुसऱ्या खोलीत बसले. त्याला ह्यातलं काही आवडत नाही, पण त्याने केलं. अडला तो चार अक्षरांवरून पूर्ण शब्द कसा ओळखायचा इथे, ॲपने अक्षरं टाकल्यावर शब्द सुचवले तेव्हा सुटलं. आता पट्टीबरोबर एक कागद ठेवलाय, त्यावर शब्द नाहीत, फक्त कुठलं ॲप, कुठल्या साइटवरून घ्यायचं, चार अक्षरांचं काय करायचं आणि सीएचा नंबर. पट्टीची दुसरी प्रत डिचोलीला भावाकडे आहे, सील केलेल्या पाकिटात, आणि त्याला सांगून ठेवलंय की पाकीट उघडलेलं दिसलं तर लगेच फोन कर, मी त्याच दिवशी नवीन वॉलेट करून सगळं तिकडे हलवेन.

पंचचा सेट घेणार असाल तर ३ मिलिमीटरचा घ्या, मोठ्या अक्षरांचा घेतला तर एका पट्टीवर बारा शब्द मावत नाहीत.