आधी कोणती वाचावी? डार्सी, वेंटवर्थ, रॉचेस्टर आणि हीथक्लिफ

आमच्या वाचनकट्ट्यावरच्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी मनावर घेतलं, की इंग्रजीतल्या जुन्या प्रेमकादंबऱ्या आता वाचायच्याच. कुणीतरी तिला सांगितलं, सगळ्यांत उत्कट प्रेम हवं असेल तर ‘वदरिंग हाइट्स’ घे. तिने ती घेतली, नेटाने ऐंशीएक पानं वाचली आणि मिटून ठेवली. ‘‘यात प्रेम कुठे आहे गं? सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेत,’’ म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं आणि पुस्तकही थोर आहे. पण पहिलंच पुस्तक म्हणून ते हातात पडलं आणि नंतर वर्षभर तिने त्या काळातल्या दुसऱ्या कशाला हात लावला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

म्हणून या चार कादंबऱ्या शेजारीशेजारी ठेवून पाहते आहे. दोन जेन ऑस्टेनच्या, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणि ‘पर्स्युएशन’. एक शार्लट ब्राँटेची, ‘जेन एअर’. आणि एक तिची बहीण एमिली हिची, ‘वदरिंग हाइट्स’. श्रेष्ठ कोणती हा वाद बाजूला ठेवू. आज एकच उचलायची असेल तर कोणती, एवढंच ठरवायचं आहे. बऱ्याच वर्षांच्या वाचनातून माझी एक कसोटी तयार झाली आहे: ही माणसं एकमेकांचं ऐकतात का, आणि ऐकल्यावर त्यांच्यात काय बदलतं? चारही कथा नेमक्या याच जागी वळण घेतात.

नकार ऐकून घेणारा डार्सी

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ च्या जानेवारीत तीन खंडांत आली. शीर्षकपानावर ऑस्टेनचं नाव नव्हतं, आणि पुस्तकाचे हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले होते. बेनेटांच्या घरात पाच उपवर मुली आहेत. वडिलांच्या इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण ती इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार असल्यामुळे उद्या दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सच्या हाती पडणार. मुलींना आईच्या पश्चात प्रत्येकी जेमतेम हजार पौंड मिळतील. एवढं समजलं, की चांगलं स्थळ पाहिलं की आईचा जीव का वरखाली होतो, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मिसेस बेनेटला सगळे हसतात. मला मात्र ती दर वाचनात थोडी जास्त कळत गेली.

वर्षाला १०,००० पौंडांचा धनी असलेला डार्सी बेनेटांच्या दुसऱ्या मुलीला, वीस वर्षांच्या एलिझाबेथला मागणी घालतो. पण कशी? तुझं घराणं आमच्या तोलाचं नाही, तरीही मी माझ्या मनापुढे हरलो, अशा थाटात. ती सरळ नकार देते, आणि त्याचं वागणं सभ्य गृहस्थाला शोभणारं नव्हतं हेही सुनावते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या हातात एक लांबलचक पत्र ठेवून निघून जातो. त्यात मनधरणी नाही, पुन्हा मागणी नाही. तिने केलेल्या दोन आरोपांचा खुलासा आहे. ती ते रागारागाने वाचते, घडी घालून ठेवते, पुन्हा वाचायचंच नाही असं ठरवते, आणि अर्ध्या मिनिटात पत्र परत उघडलेलं असतं. या अर्ध्या मिनिटासाठी मी हे पुस्तक कुणालाही देईन. त्या पत्रानंतर तिला कळतं, की आजवर आपण स्वतःलाच ओळखत नव्हतो.

डार्सीही बदलतो. तिचे शब्द त्याला महिनोन्‌महिने छळत राहिले, असं तो शेवटी स्वतःच्या तोंडाने सांगतो. मधल्या काळात तिची धाकटी बहीण विकम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून जाते, तेव्हा तो गुपचूप विकमचं हजारावर पौंडांचं कर्ज फेडतो, वर आणखी हजार देतो आणि ते लग्न लावून देतो. एलिझाबेथला हे कळू नये अशी त्याची इच्छा असते.

याच पुस्तकातली एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकसही विसरू नका. ती २७ वर्षांची आहे, हातात पैसा नाही, आणि एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती डोळे उघडे ठेवून होकार देते. लग्नानंतर एलिझाबेथ तिच्या घरी जाते, तेव्हा तिला दिसतं की शार्लटने बसायला मागच्या बाजूची, तितकी छान नसलेली खोली निवडली आहे. समोरची प्रशस्त खोली का नाही? कारण ती घेतली असती तर नवरा दिवसभर तिथेच येऊन बसला असता. एका खोलीच्या निवडीत ऑस्टेनने अख्खा संसार दाखवला आहे.

आठ वर्षं उशिरा: ‘पर्स्युएशन’

माझा जीव या पुस्तकावर आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑस्टेन १८१७ च्या जुलैत वारली, तेव्हा ती ४१ वर्षांची होती. ‘पर्स्युएशन’ त्यानंतर पाच महिन्यांनी, डिसेंबरात छापून आली. पुस्तक लहान आहे, २४ प्रकरणांचं.

ॲन एलियट १९ वर्षांची असताना तिचं फ्रेडरिक वेंटवर्थशी लग्न ठरलेलं असतं. तो नौदलात अधिकारी, पण ना पैसा ना पाठबळ. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल तिला समजावतात आणि ती लग्न मोडते. कादंबरी सुरू होते ती त्यानंतर आठ वर्षांनी. ॲन आता २७ ची, घरात कुणी तिला विचारत नाही. वडिलांना आपल्या सरदारकीचा भारी अभिमान. पण कर्जापायी वाडा भाड्याने द्यावा लागतो, आणि भाडेकरू निघतात वेंटवर्थची बहीण आणि तिचा नवरा. वेंटवर्थ परत येतो तो कॅप्टन होऊन, शत्रूची जहाजं पकडल्याच्या बक्षिसातून जमलेले २५,००० पौंड आणि मनातली अढी घेऊन.

आता एक प्रसंग पाहा. ॲन आजारी भाच्याजवळ गुडघे टेकून बसली आहे. दुसरा, दोन वर्षांचा दांडगट भाचा मागून तिच्या पाठीवर चढून गळ्याला लटकतो. खोलीतला आणखी एक पाहुणा तोंडाने दटावतो, पण जागचा उठत नाही. एकदम पाठीवरचं ओझं हलकं होतं. कुणीतरी त्या पोराचे चिवट हात सोडवून त्याला बाजूला नेलं आहे. तो वेंटवर्थ आहे हे ॲनच्या मग लक्षात येतं. ती आभारसुद्धा मानू शकत नाही, आणि तिने आभार मानू नयेत म्हणूनच की काय, तो त्या पोराशी मुद्दाम गोंगाट करत राहतो. दोघांमध्ये शब्द एक नाही. आठ वर्षांचा राग आणि त्याखाली शिल्लक असलेली माया मला याहून चांगली मांडलेली वाचायला मिळालेली नाही.

ऐकण्याची कसोटी लावायची तर हे पुस्तक सगळ्यांत पुढे आहे. शेवटाकडे बाथमधल्या एका हॉटेलात वेंटवर्थ टेबलाशी पत्र लिहीत बसला आहे. थोड्या अंतरावर ॲन त्याच्या मित्राशी बोलते आहे, की आशा संपल्यावरही बाईचं प्रेम टिकतं. मध्येच काहीतरी पडल्याचा आवाज होतो. वेंटवर्थच्या हातातलं पेन खाली पडलेलं असतं. तो सगळं ऐकतो आहे! ऐकता ऐकताच तो तिला दुसरं पत्र लिहितो, आणि त्याची सुरुवातच अशी, की आता मुकाट्याने ऐकत राहणं माझ्याने होत नाही. ऑस्टेनने आधी वेगळा शेवट लिहिला होता आणि तो टाकून देऊन हा लिहिला. टाकून दिलेली ती पानं तिच्या हस्ताक्षरात ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत.

मोत्यांचा हार मागे ठेवणारी जेन

‘जेन एअर’ १८४७ च्या ऑक्टोबरात करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. इथे ऑस्टेनच्या दिवाणखान्यातून आपण एकदम उघड्या माळरानावर येतो. जेन अनाथ आहे, दिसायला साधी, वय १८, वर्षाला ३० पौंडांवर एका मुलीला शिकवायला राहिलेली. घराचा मालक रॉचेस्टर तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठा. त्या दोघांचं बोलणं म्हणजे या पुस्तकाचा प्राण. तो हुकमी आवाजात प्रश्न टाकतो आणि ती न बिचकता उत्तर देते. लग्न ठरल्यावर तो तिला रेशमात आणि दागिन्यांत मढवायला निघतो, तर ती सांगते, मी मुलीला शिकवत राहीन आणि माझे तीस पौंड कमवत राहीन.

चर्चमध्ये ऐन लग्नाच्या वेळी उघड होतं, की रॉचेस्टरची पहिली बायको बर्था जिवंत आहे आणि त्याच घरात वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. जमैकात झालेल्या त्या लग्नात त्याला ३०,००० पौंड मिळाले होते. तो जेनला म्हणतो, फ्रान्सच्या दक्षिणेला जाऊन राहू. जेन पहाटे घर सोडते. त्याने आग्रहाने दिलेला मोत्यांचा हार मागे ठेवते. जवळ फक्त वीस शिलिंग, तेही गाडीभाड्यात जातात, आणि कपड्यांचं छोटं गाठोडं गाडीतच राहून जातं. पुढे एका दारात डुकरापुढे टाकायला काढलेली थंडगार लापशी ती मागून खाते. प्रेम आहे, पण स्वतःची किंमत घालवून नाही, हे या बाईने पोटाला चिमटा घेऊन दाखवलं आहे.

नंतर भेटतो तिला आसरा देणारा पाद्री, सेंट जॉन रिव्हर्स. त्याला तिला बायको करून मिशनकार्यासाठी हिंदुस्थानात न्यायचं आहे, आणि त्यासाठी तो तिला जर्मन सोडून हिंदुस्तानी भाषा शिकायला लावतो. आपला देश या कादंबरीत असा डोकावतो: जिथे गेल्यावर जेन फार दिवस जगणार नाही अशी जागा म्हणून. ती मदतनीस म्हणून यायला तयार होते, बायको म्हणून नाही. सेंट जॉन वाईट माणूस नाही. पण त्याला फक्त स्वतःचं कर्तव्य ऐकू येतं. जेनला मात्र रात्री दूरवरून रॉचेस्टरच्या आवाजात आपल्या नावाची हाक ऐकू येते आणि ती त्याच्याकडे निघते. तोवर काकाच्या २०,००० पौंडांचे तिने चार वाटे केलेले असतात आणि स्वतःच्या ५,००० वर ती कुणाची मिंधी नसते.

माझी तक्रारही सांगते. रॉचेस्टर खोटं बोलला, आणि त्याची खोड मोडायला आग, अंधत्व आणि एक हात जाणं लागलं. बर्थाला स्वतःची बाजू मांडायला कुठेच जागा नाही. तिची हकीकत आपल्याला नवऱ्याकडूनच कळते. नवी वाचक इथे अडखळते, आणि अडखळावंच.

अर्धवट ऐकलेलं वाक्य

‘वदरिंग हाइट्स’ त्याच वर्षी डिसेंबरात आली. वर्षभरात एमिली वारली, तीस वर्षांची. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून आणलेला पोर हीथक्लिफ आणि घरची मुलगी कॅथरीन एकत्र वाढतात. एका रात्री ती दाई नेलीला सांगते, की हीथक्लिफशी लग्न केलं तर माझा दर्जा खालावेल. एवढंच ऐकून तो बाहेर पडतो. पुढच्याच श्वासात ती म्हणते, की तो म्हणजेच मी आहे; ते ऐकायला तो तिथे नसतो. बाकीची कादंबरी या न ऐकलेल्या वाक्याची किंमत मोजते. हीथक्लिफ केवळ सूडापोटी कॅथरीनच्या नणंदेशी, इझाबेलाशी लग्न करतो, पळून जाताना तिचा कुत्रा फासावर लटकवतो. अशा माणसाला आदर्श प्रियकर म्हणून डोक्यावर घेणं मला पटत नाही.

पण माझ्या मैत्रिणीने जिथे पुस्तक मिटलं, त्याच्या बरंच पुढे एक दुसरी जोडी आहे: कॅथरीनची मुलगी आणि वाचता येत नाही म्हणून ती ज्याची टर उडवायची तो हेअरटन. ती एक पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळते, रिबिनीने बांधते, वर त्याचं पूर्ण नाव लिहिते आणि नेलीच्या हाती पाठवते. घेतलंस तर वाचायला शिकवीन, असा निरोप. तिथवर पोचायला धीर लागतो. निवेदकाच्या आत निवेदक, एकाच नावाच्या मायलेकी, आणि म्हाताऱ्या नोकराची, जोसेफची यॉर्कशरची बोली, जी नीट इंग्रजी वाचणाऱ्यालाही दमवते.

मग घ्यायची कोणती?

या जुन्या इंग्रजीची सवय नसेल तर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. प्रकरणं ६१ आहेत, पण छोटी, आणि संवाद इतके चपळ की गाडी अडत नाही. तिशी ओलांडली असेल, एखादा निर्णय दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतल्याची बोच मनात असेल, तर सरळ ‘पर्स्युएशन’. वाक्यं लांब आहेत, पण सावकाश वाचलं की जमतं. एकटीने उभं राहणारी नायिका आणि ‘मी’ म्हणून बोलणारा आवाज हवा असेल तर ‘जेन एअर’. ३८ प्रकरणं, लहानपणाचा भाग दीर्घ, पण तो गाळू नका, जेनचा ताठपणा तिथेच घडतो. ‘वदरिंग हाइट्स’ शेवटी ठेवा.

ऑस्टेन आणि ब्राँटे यांतली एकच आवडणंही शक्य आहे. खुद्द शार्लट ब्राँटेने १८४८ च्या जानेवारीत समीक्षक लुइस यांना लिहिलं होतं, की ऑस्टेनची कादंबरी तिला कुंपण घातलेल्या, निगुतीने राखलेल्या बागेसारखी वाटली, जिथे मोकळी हवा नाही. मला त्या बागेत पुरेशी हवा लागते. तुम्हाला गुदमरल्यासारखं झालं तर लगेच ‘जेन एअर’ उचला. चारही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यामुळे प्रत्येकीची पहिली तीन प्रकरणं चाळून ठरवायलाही हरकत नाही.

त्या मैत्रिणीला मी शेवटी माझी ‘पर्स्युएशन’ दिली. गेल्या आठवड्यात तिने ती परत केली. पेन खाली पडतं त्या ओळीपाशी तिने पेन्सिलीने बारीकशी खूण केली आहे. मी ती पुसलेली नाही.