कोल्हापुरात संरक्षण आदेश: मिळतो चांगला, राबवला जातो कसा?

कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालचा संरक्षण आदेश, म्हणजे छळ करणाऱ्याला बाईपासून रोखणारा न्यायालयाचा हुकूम, कागदावर भक्कम आहे. पीडितेनं रद्द करून मागेपर्यंत तो लागू राहतो, दर वर्षी नव्यानं घ्यावा लागत नाही. मोडला तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा 1 वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकील मोफत मिळतो, त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. इथवर पूर्ण गुण.

गुण कापावे लागतात ते पुढे. ‘त्रास देऊ नये’ एवढंच मोघम वाक्य आदेशात असलं की ठाण्यात वाद घातला जातो: फोन केला, तो त्रास कसा? म्हणून अर्जातच याच कायद्याच्या कलम 18 मधल्या गोष्टी सुट्या सुट्या मागाव्यात. फोन आणि मेसेज बंद, मुलांच्या शाळेत जायचं नाही, कामाच्या जागी यायचं नाही. काम शिरोली एमआयडीसीत असेल तर कारखान्याचं नावही लिहावं.

दुसरी अडचण हद्दीची. आदेशाची नक्कल जाते ती न्यायालयाच्या हद्दीतल्या ठाण्याला. बाई माहेरी गडहिंग्लजला गेली, तर तिथल्या ठाण्याला आदेशाचा पत्ताच नसतो. तिथं आपण नक्कल द्यावी आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये.

आदेश मोडला की संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) लेखी, सहीची तक्रार द्यावी, तारीख-वेळेसकट. नवऱ्याला अटक झाली तर जामिनाच्या वेळी संपर्कबंदी आणि दारूबंदीच्या अटी घालता येतात, पण त्या मागाव्या लागतात. इथं बहुतेकदा कुणी बोलतच नाही.

सगळ्यात कच्चा भाग दोषी ठरल्यानंतरचा. छळाच्या गुन्ह्यात (जुन्या दंड संहितेचं 498-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85) आरोपीला 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली तुरुंगाऐवजी बंधपत्रावर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सोडता येतं. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश निदान 1 वर्षाचा असतो, पण तो आपोआप होत नाही. बंधपत्राची अट पहिल्यांदा मोडल्यास न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा 50 रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं. पन्नास रुपये! मार खाल्लेल्या बाईला हा आकडा सांगताना लाज वाटते.

नवी तक्रार येईपर्यंत न्यायालयाला घरात काय चाललंय ते कळत नाही, आणि तोवर हात पुन्हा उठलेला असतो. म्हणून सरकारी वकिलांनी बंधपत्रातच अट मागावी: दर तीन महिन्यांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, त्याच तारखेला आरोपी न्यायाधीशांसमोर हजर, आणि अहवालाआधी अधिकाऱ्यानं आरोपीच्या बायकोशी एकटीशी बोलणं. नवऱ्यासमोर विचारलं, तर ती ‘सगळं बरं आहे’ असंच म्हणणार.