‘इटर्नल्स’: दहा अमर आणि एक करुण

‘इटर्नल्स’ या मार्व्हलच्या सिनेमात इसवी सन ४०० च्या सुमाराचं एक लग्न आहे. सर्सी आणि इकारिस हे दोन अमर गुप्त साम्राज्यात, आपल्या पद्धतीनं लग्न करतात. मी ग्वाल्हेरला शाळेत इतिहास शिकवते. हॉलिवूडच्या सुपरहिरोपटात चंद्रगुप्त दुसऱ्याचा काळ दिसला याचा मला कोण आनंद झाला! पण प्रसंग सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. आमच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात पवाया गावची गुप्तकालीन शिळा आहे, तिच्यावर एक नर्तकी आणि भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. त्या एका दगडात काळ जसा जिवंत आहे तसा या लग्नात नाही. इथे नुसती वस्त्रं आणि दागिने आहेत.

सिनेमाभर हीच ओढाताण जाणवते. पृथ्वीवरची सात हजार वर्षं, दहा अमर नायक आणि १५६ मिनिटं. दिग्दर्शिका क्लोई झाओ, ज्यांना ‘नोमॅडलँड’साठी २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. हा सिनेमा त्याच वर्षी दिवाळी पाडव्याच्या दिवशी आपल्याकडे लागला. झाओबाईंची नजर मोकळ्या आभाळावर आणि मावळतीच्या उजेडावर आहे. समुद्रकाठी हे दहाजण उभे राहतात तेव्हा खरा वारा, खरं ऊन अंगाला लागतं. अशा सिनेमांत हे फार कमी वेळा घडतं.

माणसंही जोडी-जोडीनं छान उमगतात. थीनाचं मन अधूनमधून भरकटतं, ती आपल्याच माणसांवर शस्त्र उगारते, आणि गिल्गामेश शतकानुशतकं तिला सांभाळत राहतो. अँजेलिना जोली आणि मा दोंग-सोक यांनी हे नातं फार कमी शब्दांत उभं केलंय. मकारी बहिरी आहे, भूमिका करणारी लॉरेन रिडलॉफही बहिरी आहे. खुणांच्या भाषेत ती आणि ड्रुइग एकमेकांकडे बघतात ते क्षण मला अजून हवे होते.

मात्र डेव्हिअंट नावाची जनावरं अगदीच निर्जीव. त्यांची ना भीती वाटते ना कीव. आणि मधल्या भागात सगळे गोल उभे राहून एकमेकांना विश्वाची रचना समजावत बसतात, तिथे सिनेमा ठप्प होतो.

माझ्या भाच्यानं मध्येच विचारलं, “आत्या, हे इतकी वर्षं इथेच होते, तर मग लढाया का नाही थांबवल्या?” चित्रपट हा प्रश्न टाळत नाही. त्यांना फक्त डेव्हिअंटांशी लढायची आज्ञा आहे, माणसांच्या भांडणात पडायची नाही. १५२१ मध्ये अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान शहरातली कत्तल बघून ड्रुइग सोबत्यांना सोडून जातो, हिरोशिमाच्या राखेत आणखी एक सोबती, फास्टॉस, कोसळतो. वर्गात मी या तारखा फळ्यावर लिहिते. मुलांनी हे दोन प्रसंग बघावेत असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांत जीव लावला तो मात्र करुणनं. दहांपैकी किंगो मुंबईत सिनेस्टार आहे, पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच स्वतःचा मुलगा, नातू म्हणवतो. करुण त्याचा सेवक, हातात कॅमेरा घेऊन सगळं टिपणारा. आपल्या हरीश पटेलांनी ही भूमिका केलीय. कसलीही शक्ती नसलेला हा म्हातारा माणूस देवांसारख्या दहाजणांत वावरतो, त्यांना खायला-प्यायला विचारतो, त्यांच्यासाठी घाबरतो. त्याच्याकडे बघताना कळतं की ही पृथ्वी कुणासाठी वाचवायची आहे.

आणि आज्ञा पाळायची की पृथ्वी वाचवायची यावरून सोबत्यांतच होणाऱ्या शेवटच्या लढाईआधी किंगो निघून जातो, त्याच्याबरोबर करुणही. सोबत्यांशी लढायचं नाही आणि आज्ञाही मोडायची नाही, म्हणून नायकानं रणातूनच बाजूला व्हायचं. लिहिताना हे धाडसाचंच आहे, मला पटलंही. पण त्या दोघांविना शेवटचा अर्धा तास ओका वाटतो, नुसते प्रकाशाचे झोत उरतात.

तरी बघा, जमलं तर मोठ्या पडद्यावर. घरच्या टीव्हीवर ते आभाळ मावत नाही. लहान मुलांना दाखवू नका, कंटाळतील. आणि नामावली सुरू झाली की उठू नका, पुढे आणखी दोन प्रसंग आहेत.